बापूशेठची बिनरिव्हर्सची स्कूटर

चांगल्या माणसांवर लोक भरपूर लिहितात. मी नोकरीच्या काळात ज्या माणसाला सगळ्यात जवळून न्याहाळलं, तो चांगला नव्हता. त्याला वाईटही म्हणवत नाही. वाईटपणाला थोडी मेहनत लागते, आणि बापूशेठला मेहनतीचा मनापासून कंटाळा होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे मात्र 'तो'च म्हणणार आहे.

भंडारदऱ्याच्या धरणाच्या पाण्याला लागून त्याचं रिसॉर्ट होतं. रिसॉर्ट म्हणजे उतारावर ठोकलेले तंबू, पत्र्याचं स्वयंपाकघर, आणि प्लास्टिकच्या निळ्या पिंपांवर लोखंडी अँगल नि फळ्या टाकून पाण्यात केलेला एक धक्का. मी नगरला हॉटेलचा कोर्स करून तिथे मॅनेजर म्हणून लागले होते. बुकिंग घेणं, भाकरी करणाऱ्या बायकांना पीठ काढून देणं आणि पाहुण्यांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. तक्रारीचं उत्तर मात्र बापूशेठ स्वतः देई. ते काम त्याने कधी कुणाला करू दिलं नाही.

तो मूळचा श्रीरामपूरचा. वडिलांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं, ते भावांनी ठेवून घेतलं आणि याला डोंगरात जमीन घेऊन दिली. भावांनी असं का केलं असेल ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. अंगात पांढराशुभ्र टीशर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर गॉगल आणि गळ्यात शिट्टी, असा तो सकाळपासून धक्क्यावर उभा असायचा. नवख्या पाहुण्याला वाटावं, हा इथला सगळ्यात मोठा पोहणारा. प्रत्यक्षात त्याला पोहता येत नव्हतं आणि त्याचे बूट कधी ओले झालेले मी पाहिले नाहीत. शिट्टी तो चहा हवा असला की वाजवायचा.

जेवणाच्या वेळी तो स्वयंपाकघरात शिरायचा आणि "चव बघतो" म्हणून पातेल्यातला मांसल तुकडा उचलायचा. चव त्याला एका तुकड्यात कळत नसे. पाहुण्यांच्या पानात मग मानेचे नि पंखांचे तुकडे जायचे. एका बाईंनी तसं बोलून दाखवलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "गावठी कोंबडीचं तसंच असतं, ताई. ती फिरती असते. तिच्या अंगाला मांस धरत नाही." बाईंनी मान डोलावली आणि शेजारच्या पानावरच्या आपल्या मुलीलाही ते समजावून सांगितलं.

'तसंच असतं' हे त्याचं सगळ्या आजारांवरचं औषध. गिझर बंद पडला की "डोंगरातल्या पाण्याचं तसंच असतं, ते लवकर तापत नाही." तंबूची चेन तुटली की "हवा खेळती राहावी म्हणून ती तशीच ठेवतात." त्याच्या मते जगात कुठलीही वस्तू मोडत नव्हती. ती मुळातच तशी असायची आणि समोरच्याला तेवढं ज्ञान नसायचं. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर गार पाण्याने अंघोळ करून आले आणि गिझरबद्दल विचारलं म्हणून त्याचीच माफी मागून गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा त्या इंजिनिअरवरही राग आहे.

अशा माणसाने जुनी वॉटर स्कूटर विकत घेतली.

मालवणकडच्या कुणाकडून तरी ती टेम्पोतून आली. मोटारसायकलसारखी बसायची सीट, पुढे हँडल, खालचं अंग होडीचं. पिवळा रंग उन्हाने फिका झालेला. हार घातला, नारळ फोडला, बापूशेठने तिच्यावर बसून फोटो काढून घेतले. गाडी अजून टेम्पोतच होती, त्यामुळे बुटांना धोका नव्हता.

गाडी चालवायला काशिनाथ होता. पलीकडच्या काठावरच्या गावचा, तिशीतला, आमच्याकडे होडीवर कामाला. आधी राजूरच्या एका गॅरेजात काही वर्षं काढलेली, त्यामुळे इंजिनातलं त्याला कळायचं, आणि आपल्याला कळतं हे तो दुसऱ्याला विसरू देत नसे. तोंडाने फटकळ. बापूशेठला 'शेठ' म्हणताना तो असा आवाज काढायचा की ते शिवीसारखं वाटावं.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, "शेठ, हिचा रिव्हर्स तुटलाय."

ही गाडी मागे कशी जाते ते मलाही तेव्हाच कळलं. इंजिन खालून पाणी ओढतं आणि मागच्या नळीतून जोरात फेकतं, त्या धक्क्याने गाडी पुढे पळते. मागे जायचं असलं की हँडलजवळचा दांडा ओढायचा. मग नळीच्या तोंडावर वाटीसारखं एक झाकण पडतं, पाण्याचा फवारा त्याला आपटून पुढच्या बाजूला वळतो आणि गाडी मागे सरकते. काशिनाथ त्या झाकणाला टोपी म्हणायचा. आमच्या गाडीची टोपी तारेने वर बांधून ठेवलेली होती. एका बाजूची खीळ तुटलेली, आणि दांडा नुसताच ढिला हलत होता, कारण त्याची केबल आत गंजून अडकली होती.

बापूशेठने गॉगल कपाळावर चढवला. "या मॉडेलला रिव्हर्स नसतोच," तो म्हणाला.

"मंग ह्यो दांडा कशाला हाय?"

"धरायला."

"आन् ह्याच्याव आर लिव्हलंय ते?"

बापूशेठने वाकून पाहिलं. दांड्याशेजारी खरोखरच इंग्रजी आर होता. दुपारी मी धक्क्यावर गेले तर हा सरबतासाठी लिंबं कापायची सुरी घेऊन उकिडवा बसला होता आणि ते अक्षर खरवडून काढत होता. जीभ थोडी बाहेर, कपाळावर घाम. मी नोकरीला लागल्यापासून त्याला एखादं काम इतकं मन लावून करताना पहिल्यांदाच बघत होते. अक्षर गेल्यावर तिथे पांढरा ओरखडा उरला, त्यावर त्याने तिरंग्याचं स्टिकर चिकटवलं.

मी म्हणाले, "शेठ, दुरुस्त करून घेऊ या ना. माणसं बसणार तिच्यावर."

"मॅडम, तुम्ही किचन बघा," तो म्हणाला. "पाण्यातल्या गाड्यांचं तसंच असतं."

त्या हिवाळ्यात काशिनाथने ती गाडी बिनरिव्हर्सची चालवली. प्रत्येक फेरी संपली की तो कमरेएवढ्या गार पाण्यात उतरायचा, गाडीला खांदा लावून तिचं तोंड फिरवायचा आणि पुन्हा चढायचा. ओठ काळेनिळे पडायचे. बापूशेठ धक्क्यावरून पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे गाडी हाताने लावून देतात. अशी सेवा तुम्हाला गोव्याला मिळणार नाही." पाहुणे काशिनाथचेही फोटो काढायचे.

नाताळच्या सुट्टीतल्या एका रविवारी व्हायचं ते झालं. काठाला जत्रेसारखी गर्दी होती. काशिनाथ नाशिकच्या एका कॉलेजकुमाराला मागे बसवून परत येत होता. तेवढ्यात एक बाई लहान मुलीला घेऊन फोटोसाठी पाण्यात उतरली आणि पाठमोरी चालत चालत नेमकी गाडीच्या वाटेत येऊन उभी राहिली. तिला थांबवायला शिट्टी वाजवायची, तर शिट्टीवाला स्वयंपाकघरात चव बघत होता.

या गाडीला ब्रेक नसतो. गॅस सोडला की फवारा थांबतो, आणि फवारा थांबला की हँडल फिरवूनही उपयोग होत नाही; गाडी ज्या तोंडाने चाललेली असते तशीच घसरत जाते. काशिनाथचा वेग कमीच होता. टोपी पडली असती तर गाडी जागच्या जागी थांबली असती. टोपी तारेने बांधलेली होती. मी पायऱ्यांवरून बघत होते. त्याने एकदा त्या ढिल्या दांड्याला हात घातला, सवयीने नव्हे, जिवाच्या आकांताने, आणि मग पुन्हा गॅस देऊन हँडल पूर्ण वळवलं. गाडी बाईच्या अंगावर पाणी उडवत बाजूला गेली आणि धक्क्यावर आदळली. कॉलेजकुमार पाण्यात फेकला गेला. अंगात जाकीट होतं, तो बुचासारखा वर आला. काशिनाथचा डावा पाय गाडी आणि लोखंडी अँगलच्या मध्ये सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. त्याचं ओरडणं ऐकलं.

आम्ही त्याला जीपमध्ये घालून अकोल्याला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. इकडे रिसॉर्टवर त्या कॉलेजकुमाराचे वडील संतापले होते, पोलिसांत जातो म्हणत होते. बापूशेठ हात पुसत बाहेर आला, गर्दी पाहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय करणार साहेब, ड्रायव्हर पिऊन होता. मी आजच त्याला काढणार होतो."

हे मला संध्याकाळी दवाखान्यात कळलं. सांगितलं काशिनाथच्या बायकोने, हिराबाईने. ती गावातून धावत आली होती, आणि ती निघायच्या आधीच 'पिऊन होता' ही बातमी गावात पोचली होती. तिने मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "म्याडम, खरं सांगा. ह्ये प्यायले हुते का?"

मी म्हणाले, "नाही हो. सकाळपासून माझ्यासमोर होते. चहाशिवाय काही घेतलं नाही."

"त्यांचा बाप पिऊन मेला," ती म्हणाली. "लगीन ठरलं तवा माज्या वडलांनी येकच अट घातल्ती." पलंगावर काशिनाथ पाय टांगून पडला होता आणि आमच्याकडेच बघत होता. बायको मला काय विचारत होती ते त्याला कळलं होतं.

पायापेक्षा तेच त्याला जास्त लागलं. आणि नुसत्या घरातल्या मानाचाही प्रश्न नव्हता. धरणावर होड्यांवाले मोजके, सगळे एकमेकांना ओळखणारे. पाण्यावर दारू पिणारा म्हणून एकदा नाव झालं की कुणी वल्हंसुद्धा हातात देणार नाही.

पोलिसांकडे तक्रार गेलीच. हवालदार आला, धक्क्यावर खुर्ची टाकून बसला. बापूशेठने त्याच्यासमोर फ्राय केलेले मासे ठेवले आणि सांगितलं की गाडी ठणठणीत आहे, या मॉडेलला रिव्हर्स नसतोच, चूक पिणाऱ्याची. मी मध्येच म्हणाले की रिव्हर्स आहे, तुटलेला आहे, आणि काशिनाथ प्यालेला नव्हता. हवालदाराने माझ्याकडे बघितलं, बापूशेठकडे बघितलं.

"मॅडम किचन बघतात," बापूशेठ म्हणाला.

त्या दुपारी मी टेम्पोवाल्याकडून मालवणच्या माणसाचा नंबर मिळवला. तो सरळ माणूस निघाला. "रिव्हर्स नाही कसा? केबल गेलीय आणि खीळ तुटलीय, दोन्ही मी शेठना सांगितलं होतं. म्हणून तर स्वस्तात दिली. नवी केबल पण देतो म्हणालो, नको म्हणाले." मी म्हटलं, आता पाठवा. त्याने बसने पाठवली.

दवाखान्यातून सोडल्यावर काशिनाथला मी हे सांगितलं. प्लास्टरमधला पाय समोर टेकवून तो ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "तोंडानं सांगून कुनाला पटायचं न्हाई. त्या हवालदाराला बोलवा. म्या रिव्हर्स चालवूनच दाखवतो."

काशिनाथच्या मेव्हण्याने त्याला होडीतून या काठाला आणलं. गाडी काठावर ट्रॉलीवर पडून होती. पुढच्या टोकाला तडा होता, पण पाण्याच्या रेषेच्या वर, म्हणजे तरंगायला हरकत नव्हती. काशिनाथ तिच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, पाय एका पिंपावर. मी हातात पान्हे देत होते.

आधी तार कापली. टोपी लोंबकळली. तुटलेल्या खिळीचा अर्धा तुकडा भोकात रुतून बसला होता, भोवती समुद्राच्या मिठाने पांढरी बुरशी धरल्यासारखं झालेलं. तो ड्रिलने हळूहळू कोरून काढण्यात सकाळ गेली. जरा तिरकं गेलं असतं तर भोक मोठं होऊन सगळंच वाया गेलं असतं. काशिनाथ मला, मेव्हण्याला, ड्रिलला आणि समुद्राला शिव्या देत होता. नवी खीळ राजूरच्या लेथवाल्याने स्टीलची करून दिली होती, ती घट्ट बसली. मग केबल. जुनीच्या टोकाला सुतळी बांधली, जुनी मागून ओढून काढली, तिच्यातून तांबडा भुगा गळत होता. सुतळी आत राहिली आणि त्याच सुतळीने नवी केबल पुढून मागे ओढून घेतली. केबल जिथून गाडीच्या अंगातून बाहेर येते तिथलं रबर नीट बसवून ग्रीस भरलं, नाहीतर पाणी आत शिरतं.

बापूशेठ तोवर आमच्याभोवती घुटमळत होता. आधी म्हणाला, "उगाच वेळ घालवताय." मग जमणारं काठावरचं गाव बघून म्हणाला, "ते ग्रीस जरा जास्त लावा." त्याला वाटलं असावं की आता आपणही काहीतरी सांगितलं पाहिजे.

हवालदार आला तेव्हा काठावर बरीच माणसं होती. हिराबाई मागे, झाडाखाली उभी होती. गाडी पाण्यात लोटली, मेव्हणा वर बसला. इंजिन चालू झालं. त्याने दांडा ओढला, टोपी खाली आली, पण अर्धीच. गाडी जागेवर थरथरत राहिली आणि पाणी दोन्ही अंगांनी उडालं. बापूशेठ हसला. "मी काय म्हणत होतो," तो हवालदाराला म्हणाला.

"बंद कर. वडून आन," काशिनाथ म्हणाला. केबलच्या टोकाचा नट त्याने थोडा फिरवला, हाताने टोपी वर-खाली करून बघितली, पुन्हा थोडा फिरवला. 

दुसऱ्यांदा दांडा ओढला तेव्हा टोपी पूर्ण पडली, गाडीखालून पाणी फेसाळत पुढे आलं, आणि ती पिवळी गाडी तोंड आमच्याकडे ठेवून शांतपणे मागे मागे गेली. मेव्हण्याने तिला पुढे घेतलं, आमच्या अंगावर येते की काय असं वाटेपर्यंत, आणि दांडा ओढून काठापासून हातभर अंतरावर थांबवली.

हवालदार म्हणाला, "हाय की रिव्हर्स."

"आत्ता बसवला ना," बापूशेठ म्हणाला.

हवालदार उठला, पाण्यात उतरला, मागे वाकून त्याने टोपीची दोन्ही जुनी, मुळातलीच भोकं बोटाने चाचपली. मग पुढे येऊन दांड्याशेजारचं तिरंग्याचं स्टिकर नखाने सोलून काढलं. खालचा पांढरा ओरखडा बापूशेठला दाखवत त्याने विचारलं, "आन् हितं काय हुतं, शेठ?"

बापूशेठने गॉगल खाली ओढला. मासे त्या दिवशी कुणी पुढे केले नाहीत.

काशिनाथ हिराबाईकडे बघत होता. ती झाडाखालून पुढे आली, त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि जमलेल्या माणसांना म्हणाली, "बगितलं ना समद्यांनी? आता ज्यानं ज्यानं घरोघर सांगितलं हुतं, त्यानं पुन्यांदा घरोघर सांगा." आवाज चढवला नाही. पण कुणी लगेच हललंही नाही.

दारूची गोष्ट जबाबातून गेली. दवाखान्याचा खर्च बापूशेठच्या भावांनी येऊन मिटवला. त्यांना बहुधा अशा कामांची सवय असावी. काशिनाथ कामावर परत गेला नाही. पलीकडच्या काठाला होड्या चालवणाऱ्या एकाने त्याला बोलावून घेतलं. मीही राजीनामा दिला.

निघायच्या दिवशी काशिनाथ कुबडी टेकत आला होता. त्याचा रेनकोट आणि डबा स्वयंपाकघरात राहिले होते, ते न्यायला. जीप यायची होती म्हणून आम्ही वरच्या रस्त्याला उभे होतो. सकाळची वेळ, पाहुणे नव्हते. खाली पाण्यात बापूशेठ एकटाच त्या गाडीवर बसला होता. बूट काढून धक्क्यावर ठेवलेले. जाकीट चढवलं होतं, तेही उलटं. गुडघाभर पाण्यात तो गाडी थोडी पुढे न्यायचा आणि दांडा ओढून मागे आणायचा, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि हसत होता. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या लहान मुलासारखं, तोंडभर.

आम्हाला पाहून त्याने हात वर केला. "काशिनाथ, बघ," तो खालून ओरडला, "लई भारी झालाय रे रिव्हर्स. मी म्हणत होतो ना, करून घेऊ."

मी काशिनाथकडे बघितलं. मला वाटलं आता तो तोंड सोडणार. तो कुबडीवर भार देऊन खाली बघत राहिला.

"म्याडम," तो म्हणाला, "त्याला खरंच तसं वाटतंय."

जीप आली. मी आधी त्याची कुबडी आत घेतली, मग त्याला हात दिला. खाली बापूशेठचा हात अजून वरच होता.